घट

टाकी गळ्यापर्यंत भरायची,
मीटर शून्यावर आणायचा,
पुढच्या शनिवारी किलोमीटरला लिटरनं भागायचं.
मी यार्डात गुळाचे हिशेब लिहितो,
भागाकार सहसा चुकत नाही.
दिवाळीत सतरा.
संक्रांतीला पंधरा.
शिमग्याआधी निपाणीहून आलो तेव्हा
साडेअकरा.
आधी पंपावरच्या पोराचा संशय घेतला,
पंप बदलला.
साडेअकराच.

उद्यमनगरात दिलावर शिकलगार
बॉनेट लगेच उघडत नाही.
"चला, फेरी मारून येऊ," म्हणाला.
सायबर चौकापर्यंत जाऊन आलो.
उतरला, वाकला,
दगडी झालेल्या म्हशीची सडं गवळी चाचपतो
तसा चारी चाकांना उलटा हात लावत गेला
आणि मागच्या डाव्याशी थांबला.
"हितं हात लावा."
लावला. चटकन मागं घेतला.
"ब्रेक धरून बसलाय. तुम्ही ढकलताय म्होरं,
ह्यो वढतोय मागं.
मधल्या मधी पेट्रोल काय करंल?"

मग बॉनेट.
फिल्टर फरशीवर आपटला:
चिपाडाची भुकटी, यार्डाच्या रस्त्याची धूळ,
एक मेलेली गांधीलमाशी.
तीनपैकी एका प्लगवर काजळी.
टायरात हवा बावीस, पाहिजे तेहतीस.
डिकीत नमुन्याच्या भेल्या,
गेल्या हंगामातल्या, मुंग्यांसकट.
"ह्ये काय, गाडीला खायला?"
हँडब्रेकची केबल गंजून आखडली होती.
ती बदलली, ब्रेक मोकळा केला, हवा भरली.
चार वाजता बिल झालं तीन हजार दोनशे,
भजी त्याच्याकडून.

पुढच्या शनिवारी
साडेचौदा.

दिलावरनं आकडा ऐकला, पान्यानं पाठ खाजवली.
"माझ्या हातातलं एवढंच हुतं.
उरलेलं अडीच चालताना जाईत न्हाई,
उभ्यानं जातंय."
गळती?
"गळती असती तर वास आला असता.
घरात बगा."

घरात मी आणि आप्पा.
आप्पांनी अडतीस वर्षं फाउंड्रीत
काळ्या वाळूत ऑइल इंजिनच्या बॉड्या ओतल्या.
आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यात तो येऊ घातलेला.
त्यांचं लायसन संपलं तेव्हा
मी पुढं काहीच केलं नाही,
त्यांनीही विचारलं नाही.

पाचगावात पहाटे पाचला गार असतं.
खिडकीतून बघितलं:
स्वेटर, कानटोपी,
गाडीचं बॉनेट उघडं, इंजिन चालू,
आणि आप्पा अंधारात उभे,
एक हात मडगार्डवर, मान तिरकी,
पलीकडच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तशी.
वीस मिनिटं. पंचवीस.
मग बंद केलं, बॉनेट दाबून लावलं, आवाज न करता.
किल्ली परत कॅलेंडरमागच्या खिळ्याला.

चहाला बसलो.
काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं,
गाडी दुरुस्त करून आणली.
"व्हय," आप्पा म्हणाले, बशी फुंकत,
"तिसरा सिलेंडर आता बरा बोलतोय.
दोन म्हैनं बोबडा बोलत हुता.
मला वाटलं तुला कळलं आसंल."

गुळाला आम्ही घट धरतो.
ढेप नुसती ठेवली तरी
सुकून, पाझरून वजन उतरतं.
कुणी चोरलेलं नसतं.
वहीत त्याला वेगळा रकाना असतो
आणि त्यावर कुणी वाद घालत नाही.

गाडीच्या वहीत तसा रकाना आखला.
लिटर: दोन, आठवड्याला.
अंतर: शून्य.
कारणाच्या जागी बराच वेळ पेन धरून बसलो,
मग लिहिलं, बॅटरी.

शनिवारी पंपावर पोरानं विचारलं,
फुल?
म्हटलं, फुल.